लिंडेनबर्गच्या मनोऱ्याची किल्ली

मी संशयी आहे. लपवून काय करू? नंदन म्हणतो, जयंती, खिडकीतून बर्फ पडताना दिसत असला तरी तू विचारशील, खरंच पडतोय का, की कुणी वरून टाकतंय. नंदन माझा नवरा. तो बेसमेंटमध्ये बसून पुण्याच्या कंपनीचं सॉफ्टवेअर लिहितो आणि वर काय चाललंय हे त्याला जेवायच्या वेळी कळतं. त्यामुळे घरात संशय घ्यायचं काम माझ्या एकटीवर पडलं आहे.

तर भाऊसाहेब खांबेट्यांचा मला पहिल्या दिवसापासून संशय होता, यात नवल काही नाही.

आधी गाव सांगते. लिंडेनबर्ग हॅमिल्टनपासून गाडीने तासभर. पावणेदोनशे वर्षांपूर्वी जर्मन लोक इथे आले, नदीवर पिठाची गिरणी बांधली, चर्च बांधलं, बिअर गाळायला लागले. आता गिरणी बंद आहे आणि गाव पाहुण्यांवर जगतं. एटोबिकोहून बसेस येतात. लोक छपराच्या लाकडी पुलावर फोटो काढतात, प्रेट्झेल खातात, बिटाच्या लोणच्याच्या बरण्या घेतात आणि बाराला पाच कमी असताना घड्याळाच्या मनोऱ्याखाली माना वर करून उभे राहतात. बाराच्या ठोक्याला वरची दोन दारं उघडतात. लाकडी गिरणीवाला बाहेर येतो, मागून त्याची बायको, तिच्यामागून हंस. तिघं एक फेरी मारतात आणि आत जातात. संपलं. एवढ्यासाठी लोक तासभर गाडी हाकत येतात. पहिल्यांदा मला हसू आलं होतं. सहा महिन्यांनी मीही मान वर करून उभी राहायला लागले.

कोविडमध्ये एटोबिकोचा कॉन्डो विकून आम्ही इथे आलो आणि मी म्युझियममध्ये व्हॉलंटियर गाइड झाले. आठवड्यातून तीन दिवस, एप्रन घालून. जर्मनांचा इतिहास मराठी बाई सांगते म्हटल्यावर लोक जरा जास्तच लक्ष देऊन ऐकतात. मलाही ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

भाऊसाहेब आमच्यानंतर वर्षाने आले. वय अठ्ठ्याहत्तर. तरुणपणी सांगलीजवळच्या एका कारखान्यात, मग एकतीस वर्षं हॅमिल्टनच्या पोलाद कारखान्यात यंत्रं दुरुस्त करायच्या कामावर. बायको सुनेत्राबाई गेल्या, तेव्हा त्यांनी हॅमिल्टनचं घर विकलं आणि इथे बेकरीच्या वरच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. इथेच का? कुणाला माहीत नाही. मी विचारलं, तर म्हणाले, घड्याळ आवडलं. आता हे काय उत्तर झालं?

त्या वेळी घड्याळाला चावी द्यायचं काम ऑटो नावाचे म्हातारे गृहस्थ करायचे. त्यांचे गुडघे गेले, चौसष्ट पायऱ्या चढवेनात. भाऊसाहेब त्यांच्याबरोबर दोन महिने वर जात राहिले आणि एक दिवस ऑटोंनी मनोऱ्याची किल्ली यांच्या हातात दिली. वीतभर लांब लोखंडी किल्ली. म्युझियम आणि मनोरा बघणाऱ्या कमिटीत थोडी कुजबुज झाली, पण फुकट काम करणारा यंत्रातला माणूस कोण सोडतो? तेव्हापासून ती किल्ली नाडीला बांधून भाऊसाहेबांच्या कमरेला असे. बँकेत, ग्रोसरीत, डॉक्टरकडे, सगळीकडे. बायको गेल्यावर माणसाला धरायला काहीतरी लागतं, हे मला तेव्हा सुचलं नाही. मला वाटलं, मिरवतायत.

गावात मराठी घरं दोन. तुम्हाला वाटेल जाणं-येणं असेल. छे! गणपतीत मी जेवायला बोलावलं, तर आले, दोन मोदक खाल्ले, वीस मिनिटांत निघाले. हॅमिल्टनच्या मराठी मंडळात जात नाहीत, कुणाला घरी बोलवत नाहीत. अशा माणसाचं कुठेतरी पाणी मुरतंय असं मला वाटणारच.

शिवाय मी वेळ लावून पाहिली होती. बुधवारी आणि शनिवारी सकाळी सातला ते वर जात. हँडल फिरवून वजनं वर चढवायला वीस मिनिटं पुरतात, हे ऑटोंनी मला सांगितलेलं. हे खाली उतरत आठ वाजता. उरलेली चाळीस मिनिटं काय करतात? एकदा नोव्हेंबरात मी हळूच मागून चढले. शेवटच्या पायरीवर त्यांचे बूट काढून ठेवलेले, जोडीने, भिंतीला लावून. त्या थंडीत हा माणूस मोज्यांवर आत काय करतोय? मी श्वास धरून थोडा वेळ उभी राहिले आणि आवाज न करता खाली आले. नंदनला सांगितलं, तर तो म्हणाला, तू देवळात बूट घालून जातेस का? मी म्हटलं, घड्याळ म्हणजे देऊळ नव्हे. तो पुन्हा बेसमेंटमध्ये गेला.

आता म्युझियमच्या मागच्या खोलीबद्दल सांगायला हवं, कारण ती खोली माझी लाडकी. तिथे युद्धकाळातले फोटो आणि कागद मांडले आहेत. पहिल्या महायुद्धात इथल्या जर्मन आडनावांच्या लोकांवर सगळ्यांचा डोळा होता. गावाचं नावसुद्धा बदलायला लावलं, ते पुष्कळ वर्षांनी परत मिळालं. तेव्हा घड्याळ कोनराड हाफनर बघायचे. ते संध्याकाळी कंदील घेऊन वर जात, तेलपाणी करत. कुणीतरी उठवलं की कंदिलाने शत्रूला खुणा करतो. त्यांना धरून नेलं, दोन वर्षं छावणीत ठेवलं. आणि त्यांचा एक शेजारी होता, विल्यम म्हणून. तो दर आठवड्याला त्यांच्याबरोबर वर जायचा. कंदील कशासाठी ते त्याला पक्कं ठाऊक होतं. तो मूग गिळून गप्प बसला. या विल्यमला मी टूरमध्ये अशी काही धारेवर धरायचे की बसमधल्या बायका च्च च्च करायच्या.

कोनराडची नात म्हणजे आमच्या कमिटीची अध्यक्ष, ट्रूडी हाफनर. सत्तरीची, ताठ, मोजकं बोलणारी. गेल्या सप्टेंबरात तिने मला बाजूला घेऊन सांगितलं की कमिटीत एक जागा रिकामी होतेय आणि तिच्या मनात माझं नाव आहे. आजवर कमिटीत जर्मन नसलेलं कुणी नव्हतं. ऑक्टोबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीनंतरच्या मंगळवारी मतदान. मी घरी येऊन शिरा केला.

आणि नेमक्या मतदानाच्या आदल्या आठवड्यात वस्तू नाहीशा व्हायला लागल्या.

ऑक्टोबरमध्ये गावाची जत्रा असते. ढोल, ब्रास बँड, सॉसेजच्या गाड्या. त्याआधी ट्रूडी सगळीकडे नजर टाकते. बुधवारी ती मनोऱ्यात गेली, तर घड्याळाच्या फळीवरच्या जुन्या वस्तू गायब. तेलाची पितळी झारी, दोन पाने, हातोडी. शंभर वर्षांपूर्वीचा माल. तिने मला विचारलं, काही पाहिलंस का? मी पाहिलं होतं. त्याच सकाळी भाऊसाहेब कापडी पिशवी घेऊन उतरले होते आणि पिशवी जड होती. मी सांगून टाकलं. खरं तेच सांगितलं की नाही? पण सांगताना माझ्या आवाजात जो गोडवा होता तो मला अजून आठवतो. ट्रूडी म्हणाली, शनिवारी ते आले की मी शांतपणे विचारीन.

शनिवारपर्यंत थांबायची वेळ आली नाही. शुक्रवारी बारा वाजता बँड थांबला, तीनशे माणसांनी माना वर केल्या, दारं उघडली. गिरणीवाला निम्मा बाहेर आला आणि थरथरत अडकला. बायको आतच. हंसाची नुसती चोच दिसत होती. लोक आधी हसले. मग घड्याळाचे काटेही थांबले आणि हसू ओसरलं.

भाऊसाहेबांना फोन लावला, लागेना. बेकरीवाली म्हणाली, ते पहाटे वर जाऊन आले आणि मग हॅमिल्टनला डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. पहाटे? शुक्रवारी? ट्रूडीने तिच्याकडची दुसरी किल्ली काढली आणि मला म्हणाली, चल बरोबर.

वर गेलो. हरवलेल्या वस्तू घड्याळासमोर पांढऱ्या फडक्यावर ओळीने मांडल्या होत्या, घासूनपुसून लखलखीत. सगळ्यांवर तांबडे-पिवळे ठिपके. तांदळाचे दाणे सांडलेले. फटीत एक उदबत्ती खोचलेली, न पेटवलेली. लाकडी मनोऱ्यात पेटवू नये एवढी अक्कल माणसाला होती. घड्याळाला झेंडूचा हार घातलेला, आणि त्याचा दोरा दातेरी चाकात जाऊन गच्च आवळला गेला होता. गिरणीवाला त्यामुळेच अडकला होता.

मला एका नजरेत कळलं. खंडेनवमी! कारखान्यातला माणूस. आयुष्यभर या दिवशी यंत्रं पुसून, हत्यारं मांडून पूजा केली असणार. मी काही बोलणार तेवढ्यात ट्रूडीने घड्याळाच्या लाकडी पेटीचं दार उघडलं, दोरा कुठून आला ते बघायला. दाराच्या आतल्या बाजूला कुंकवाने काढलेलं ठसठशीत स्वस्तिक होतं.

ट्रूडी एक पाऊल मागे सरकली आणि तिने भिंतीला हात टेकला.  आपलं कुंकू, आपले चार ठिपके, सगळं मला दिसत होतं. पण तिला काय दिसत होतं तेही मला कळत होतं. जर्मन गाव, जर्मन आडनाव, आणि तिच्या आजोबांच्या घड्याळात ही खूण.

तिने पोलिसांना बोलावलं. तरुण कॉन्स्टेबल आला, फोटो काढले, उदबत्ती चिमटीत धरून पिशवीत टाकली. आग लावायचा प्रयत्न होता का, हेही त्याने लिहून घेतलं. मग माझ्याकडे वळून अगदी अदबीने विचारलं, मॅम, हे तुमच्या संस्कृतीतलं काही आहे का? ट्रूडी माझ्याकडे बघत होती.

"नाही," मी म्हणाले. "मला काही कल्पना नाही."

का म्हणाले? मंगळवारचं मतदान डोळ्यांसमोर होतं. पिशवीची चुगली मीच केली होती. आणि मुख्य म्हणजे, हो म्हटलं की ती खूण माझीही झाली, भाऊसाहेबांच्या जोडीला माझाही फोटो निघणार, अशी भीती वाटली. कानांवर हात ठेवले आणि चौसष्ट पायऱ्या उतरले.

खाली पार्किंग लॉटमध्ये माझी गाडी उभी होती. त्याच सकाळी मी तिची पूजा केली होती. बॉनेटवर बारीकसं कुंकू, येता येता पुसूनही टाकलेलं. आणि ग्लोव्ह कम्पार्टमेंटच्या झाकणाला, आतून, हळदीकुंकवाचं स्वस्तिक. बावीस वर्षं या देशात आहे, गाड्या चार झाल्या, प्रत्येक गाडीत मी ते तिथेच काढते. बाहेर कुणाला दिसू नये म्हणून.

संध्याकाळी ट्रूडीचा फोन आला. भाऊसाहेब परतले होते. कॉन्स्टेबल आणि ती बेकरीच्या जिन्यावर त्यांना भेटले. त्यांनी सगळं कबूल केलं, माझंच काम आहे म्हणाले, यंत्राची पूजा असते. दोरा चाकात गेला हे ऐकून मात्र खाली बसले, एवढी गाढवचूक माझ्या हातून कशी झाली, असं म्हणत राहिले. खुणेबद्दल विचारल्यावर म्हणाले, ती शुभ असते, माझ्यावर विश्वास नसेल तर जयंतीबाईंना विचारा.  ट्रूडी पुढे म्हणाली, मी त्यांना सांगितलं की तिला विचारलं, तिला काही कल्पना नाही.  कमरेची किल्ली सोडून त्यांनी तिच्या हातात ठेवली. कॉन्स्टेबल मंगळवारी ठरवणार होता की द्वेषाचा गुन्हा म्हणून पुढे पाठवायचं की नाही.

"चमत्कारिक आहे, नाही?" ट्रूडी म्हणाली. "ते इतक्या खात्रीने तुझं नाव घेत होते."

त्या 'चमत्कारिक'मध्ये संशय होता. मी ओळखते ना, माझाच धंदा तो.

नंदनला सांगितलं. तो जेवता जेवता थांबला. एरवी काहीतरी टोमणा मारला असता, तो मारला नाही. नुसतं म्हणाला, त्यांच्याकडे दुसरं काय आहे गं? आणि ताट उचलून घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी दसरा. सकाळी दहाला बेल वाजली. दारात भाऊसाहेब, इस्त्रीचा शर्ट, डोक्यावर लोकरीची टोपी. कमरेला नाडी होती, तिला काही नव्हतं. दसऱ्याला धाकट्यांनी मोठ्यांकडे जायचं असतं. चार वर्षं या गावात मी त्यांच्या दारात सोनं घेऊन गेले नव्हते. ते आले होते. खिशातून त्यांनी एक पान काढलं. इथे आपटा कुठला मिळायला? नदीकाठच्या रेडबड नावाच्या झाडाचं होतं, तो आपट्याचाच लांबचा भाऊबंद, असं त्यांनी सांगितलं.

"सोनं घ्या, सोन्यासारख्या राहा," ते म्हणाले.

मी वाकून नमस्कार केला, कारण वर बघायचं धैर्य नव्हतं. आत या म्हटलं, तर नको म्हणाले. दोन पायऱ्या उतरले आणि वळले.

"काल विचारलं तेव्हा तुम्हाला पटकन आठवलं नसेल. होतं असं."

आणि गेले. मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मी भांडले असते, माझी बाजू मांडली असती. या माणसाने मला पळवाटसुद्धा स्वतःच्या हाताने करून दिली होती. मी दारात पान घेऊन उभी होते आणि मला विल्यम आठवत होता. शंभर वर्षांपूर्वी मेलेला तो गडी, ज्याला मी आठवड्यातून तीन दिवस एप्रन घालून झोडपत होते. तोही कदाचित कुठल्यातरी मंगळवारच्या भीतीने गप्प बसला असेल.

मी गाडीची किल्ली घेतली.

जत्रेची गर्दी होती. म्युझियमच्या काउंटरवर ट्रूडी पाहुण्यांना सांगत होती की घड्याळ दुरुस्तीसाठी बंद आहे. मी तिला बाहेर चल म्हटलं. आता नको म्हणाली. मी म्हटलं, आत्ताच. माझ्या आवाजात काहीतरी असावं, ती आली. पार्किंग लॉटमध्ये मी गाडीचं दार उघडलं आणि ग्लोव्ह कम्पार्टमेंटकडे बोट दाखवलं.

"उघड," मी म्हणाले.

तिने उघडलं. बराच वेळ ती वाकून बघत राहिली. मी सांगत सुटले. हे काय असतं, कधी काढतात, चार ठिपके कसले, भाऊसाहेबांनी झारी घरी नेली ती घासायला, चोरायला नव्हे. आणि मला हे सगळं कालच माहीत होतं. वर, तुझ्या शेजारी उभी असताना. मी घाबरले आणि खोटं बोलले. कॉन्स्टेबललाही हेच सांगणार आहे.

ट्रूडी सरळ झाली. ती रागावेल, रडेल, काय करेल याचा मला अंदाज येईना.

"शाळेत मला मुलं ही खूण वहीवर काढून द्यायची," ती म्हणाली. "आडनावामुळे. माझ्या घराण्यातलं कुणी दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी जर्मनीत नव्हतंसुद्धा. तरी जन्मभर मी तिचा जाब देत आले."

 तिला जे दिसतं ते माझ्या सांगण्याने पुसलं जाणार नव्हतं, आणि मला जे दिसतं ते तिच्या सांगण्याने.  मग तिने झाकण हळूच लावलं, आत गेली आणि ती वीतभर किल्ली घेऊन आली. मी समजले, आता म्हणेल चल, देऊन येऊ. तिने किल्ली माझ्या हातात ठेवली.

"तू दे," ती म्हणाली. "आणि पुढच्या वर्षी आधी मला सांगा. मला माझ्या घड्याळात असं अचानक काही सापडायला नको."

कॉन्स्टेबलला मी तिथूनच फोन केला. त्याने सगळं लिहून घेतलं, काल का नाही सांगितलंत असं विचारलं, आणि प्रकरण बंद केलं. कमिटीवर मंगळवारी दुसऱ्याच कुणाचं नाव लागलं. का, ते मला कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, आणि मी न विचारण्याची ती पहिलीच वेळ असावी.

बेकरीचा जिना चढताना ती किल्ली मला चांगलीच जड लागली. भाऊसाहेबांनी दार उघडलं. खोलीत टेबल, खुर्ची, सुनेत्राबाईंचा फोटो, फोटोखाली झेंडूची दोन फुलं. मी बूट काढले. किल्ली दोन्ही हातांनी पुढे केली आणि म्हटलं की काल मला सगळं आठवत होतं. विसरले बिसरले नव्हते.

त्यांनी किल्ली घेतली, तिच्यावरून अंगठा फिरवला आणि नाडीला बांधायला लागले. गाठ बसेना. मी मदत करू का म्हटलं, तर नको म्हणाले. गाठ बसली तेव्हा त्यांनी वर पाहिलं.

"गाडीची पूजा केलीत यंदा?"

"केली."

"काढलंत?"

"काढलं," मी म्हणाले. "ग्लोव्ह कम्पार्टमेंटच्या आत. कुणाला दिसू नये म्हणून."

त्यांनी मान हलवली.

"मीही दाराच्या आतच काढलं होतं," ते म्हणाले, आणि चहाचं आधण ठेवायला वळले.